भुतांचा जमाखर्च

अकोले येथील एका लहानशा वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर निवृत्तीनंतर मी जाऊन बसू लागलो, तेव्हा तेथे वाद होतील ते अनुदानाच्या हप्त्याचे, पावसाळ्यात गळणाऱ्या छपराचे आणि वर्तमानपत्रांच्या थकलेल्या बिलांचे, अशी माझी समजूत होती. बव्हंशी ती खरीही ठरली. परंतु गेल्या बैठकीत आलेला ठराव निराळ्या जातीचा होता. आपल्याच चळवळीतील एका तरुण साथीने लेखी मागणी केली आहे की, अंधश्रद्धा पसरविणाऱ्या भयकथा व भयकादंबऱ्या वाचनालयातून काढून टाकाव्यात आणि मोकळ्या होणाऱ्या कपाटात प्रबोधनाची पुस्तके लावावीत. ठरावाला दोघांचे अनुमोदन मिळाले. विरोध कोणीच केला नाही. मी वेळ मागून घेतला. येत्या बैठकीत ह्या ठरावाच्या विरोधात मी मत देणार आहे, आणि ते का, हे त्या बैठकीपूर्वी ह्या पानावर सांगणे मला आवश्यक वाटते. कारण प्रश्न एका गावच्या एका कपाटाचा नाही. आपण पुरोगामी म्हणविणारी माणसे सामान्य वाचकाच्या आवडीकडे कोणत्या नजरेने पाहतो, ह्याचा आहे.

प्रथम त्या साथीविषयी. त्याची चेष्टा करण्याचे मला काही कारण नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, तेव्हा तो शाळेत होता, आणि त्या दिवसाने आपल्याला चळवळीत आणले, असे तो सांगतो. दाभोलकर गेल्यावर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचा कायदा झाला. अठरा वर्षांच्या खटपटीला जे मिळाले नव्हते ते एका खुनाने मिळाले, ह्याची खंत ज्याला आहे, तो तरुण भुताखेतांच्या पुस्तकांकडे प्रेमाने पाहणार नाही, हे उघड आहे. त्याचा राग योग्य आहे. तो राग त्याने ज्याच्यावर रोखला आहे तो आरोपी मात्र चुकीचा आहे.

तो कायदा त्याने पुन्हा एकदा वाचावा. त्याच्या अनुसूचीत बारा प्रकारची कृत्ये आहेत. अंगात भूत शिरल्याचे सांगून माणसाला बांधणे, मारणे, चटके देणे, चमत्काराचा दावा करून लोकांना ठकविणे, नरबळी, एखाद्या स्त्रीला चेटकीण ठरवून तिचे जिणे अशक्य करणे. ही सर्व कृत्ये दाव्यावर उभी आहेत. भोंदू म्हणतो, हे खरे आहे, पैसे ठेव. कादंबरीकार म्हणतो, हे खोटे आहे, तरी तू घाबरतोस की नाही पाहू. सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर ज्या स्त्रियांना डाकीण ठरविण्यात आले, त्यांना ठरविणाऱ्यांच्या हातात कोणती कादंबरी होती? तेथे पुस्तकच पोचले नव्हते; डॉक्टरही पोचला नव्हता. आणि अशा कितीतरी प्रकरणांत त्या बाईच्या, विशेषतः ती विधवा असेल तर तिच्या जमिनीवर कोणाचा तरी डोळा असतो, हे चळवळीत काम केलेल्यांना मी सांगावयास नको. मानवतची हत्याकांडे १९७२ साली, दुष्काळाच्या वर्षी सुरू झाली. गुप्तधनासाठी आणि संततीसाठी बायकांचे व लहान मुलींचे बळी पडले. त्या गुन्ह्यांमागची प्रेरणा ग्रंथालयाच्या कपाटात शोधणारा माणस अर्थशास्त्राच्या पहिल्या पेपरात नापास होईल.

ठरावाला अनुमोदन देणाऱ्या दोघांनी ती पुस्तके वाचलेली नाहीत, हे मी विचारून घेतले आहे. वाचतात कोण, हेही मी नोंदवहीवरून पाहिले. साखर कारखान्यावर रात्रपाळी करणारा एक कामगार. एक अंगणवाडी सेविका. राजूरकडून येणारी, आदिवासी वसतिगृहात राहून शिकणारी दोन-तीन मुले. एक निवृत्त पोस्टमन. ज्यांच्यासाठी आपण वाचनालये काढली, असे भाषणांत म्हणतो, तीच ही माणसे. आपण त्यांच्यासाठी आणलेली प्रबोधनाची पुस्तके कोरी करकरीत आहेत आणि नारायण धारपांच्या पुस्तकांच्या पाठी निखळल्या आहेत. ह्यावरून वाचक मूर्ख आहेत, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. सोपे निष्कर्ष काढण्याची आपल्या पक्षांना सवयही आहे.

मीही ही पुस्तके वाचली आहेत. शाळकरी वयात, १९७२च्या दुष्काळात, घरातील मोठी माणसे खडी फोडावयास जात आणि रेशनवर लाल मिलो मिळे, तेव्हा कंदिलाच्या उजेडात मी बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड वाचले, आणि त्यानंतर धारप हाती आले. पुढे अर्थशास्त्राचा प्राध्यापक झालो तेव्हा ही आवड लपवावी लागली. स्टाफरूममध्ये ती सांगण्याजोगी नव्हती. आता लपविण्याचे कारण उरलेले नाही.

अर्नाळकर आणि धारप ह्यांच्यातला फरक मला फार उशिरा उमगला. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या सर्वांची चाल एक: समाज ठीक चाललेला आहे, त्यात एक गुन्हा होतो, गुन्हेगार सापडतो आणि समाज पुन्हा ठीक चालू लागतो. रहस्यकथेला मूळ व्यवस्थेविषयी तक्रार नाही. भयकथेचे तसे नसते. वाडा पहिल्या पानापासूनच किडलेला असतो. त्यात पूर्वी काहीतरी घडले आहे, ते दडपले गेले आहे, आणि ज्यांनी दडपले त्यांची नातवंडे आता त्याच छपराखाली निजत आहेत. संपत्तीचा वारसा येतो तेव्हा त्यासोबत गुन्ह्याचाही वारसा येतो, ही गोष्ट आमच्या विद्यापीठांतील वारसा हक्काच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा भयकादंबरीने अधिक माणसांना सांगितली आहे. तिचे पहिले बळ मी हे मानतो.

ही दृष्टी तिने कोठून घेतली? आपल्याच लोकांकडून. मराठी मुलखातील भुतांची नावे एकदा नीट वाचून पाहावीत. मुंज झाली आणि सोडमुंजीपूर्वीच मेला तो मुंजा. धनावर वासना ठेवून गेला, म्हणून पुरलेल्या हंड्यावर बसून राहिला तो समंध. पाण्यात बुडाला तो गिऱ्हा. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दिवसांत गेली ती हडळ. अर्थशास्त्रज्ञाच्या डोळ्यांनी पाहिले तर ही भुतांची यादी नसून अकाली मृत्यूंचे नोंदपुस्तक आहे. ज्या काळी सरकारदरबारी जन्ममृत्यूची नोंद धड होत नव्हती, त्या काळी लोकांनी ठेवलेले. वय, लिंग, कारण, स्थळ, सगळे रकाने भरलेले. सुखाने, म्हातारपणी, घरच्यांच्या हातचे पाणी पिऊन गेलेल्या माणसाचे भूत होत नाही. ज्याचे देणे फिटले नाही तोच परत येतो.

आमच्या घरातही अशी एक नोंद आहे. माझी धाकटी मावशी तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला दिली होती. १९६९च्या श्रावणात तिचे पहिले बाळंतपण अडले. त्या भागात श्रावणातला पाऊस कसा असतो, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगून समजणार नाही. समोरचा माणूस दिसत नाही. दवाखाना एक घाट आणि दोन ओढे ओलांडून. बाजेला बांबू बांधून चौघांनी तिला उचलले. पहिला ओढा त्यांनी पार केला. दुसऱ्याच्या काठी पाणी उतरण्याची वाट पाहत ते रात्रभर बसले. पाणी पहाटे उतरले. मावशी त्याआधीच गेली होती, मूलही गेले. पुढच्या वर्षी सुटीत मी तेथे गेलो तेव्हा गावातल्या पोरांनी मला सांगितले की, त्या ओढ्यावरच्या जांभळीखाली तिन्हीसांजेला जायचे नाही, तेथे हडळ आहे. ती माझी मावशी आहे हे त्यांना ठाऊक होते की नाही, कोण जाणे. मला ठाऊक होते. मी घाबरलो आणि मला रडूही आले, आणि ह्या दोन्हींतले कोणते आधी, ते आज आठवत नाही. त्या ओढ्यावर पूल झाला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. पूल झाल्यावर हडळीची गोष्ट मागे पडली. प्रबोधनाचे एकही भाषण त्या गावात झाले नव्हते.

म्हणून तरुण साथीला माझा प्रश्न आहे: हडळीवर बंदी घालून आपण नेमके कोणाला गप्प करीत आहोत?

येथवर वाचून भयकादंबऱ्यांचे चाहते खूश होतील. त्यांनी इतक्यात होऊ नये. हा सगळा साठा हाताशी असताना मराठी भयकादंबरीने त्याचे काय केले, हा हिशेब अजून व्हायचा आहे, आणि तो तिला फारसा अनुकूल नाही.

पण त्याआधी तिच्या कारागिरीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या समीक्षकांनी ते सांगितलेले नाही. ह्या कादंबऱ्यांतले कुटुंब त्या झपाटलेल्या घरात राहावयास का जाते? बहुधा भाडे कमी असते म्हणून. कारकुनाची बदली होते, शहरात जागा मिळत नाही, पागडी परवडत नाही, आणि मग कोणीतरी सांगतो की, गावाबाहेर एक बंगला आहे, मालक फारसे मागत नाही. येथे भीतीला सुरुवात होते आणि ती शंभर टक्के खरी भीती असते: ज्याच्यापाशी पर्याय नाही त्याची. धारपांसारखा कसबी लेखक पहिली साठ-सत्तर पाने काहीच घडू देत नाही. दुधाचा हिशेब, शेजाऱ्यांशी ओळख, मुलाची शाळा, बायकोचे दुखणे. मग जिन्याची एक पायरी, जी काल मोजली त्याहून आज एक जास्त भरते. उत्कंठेचे शास्त्र म्हणतात ते एवढेच: वाचकाला पात्रांपेक्षा किंचित अधिक कळू द्यायचे आणि हवे त्याहून पुष्कळ कमी. (ह्या शास्त्राची सवय आमच्या तालुक्याला तशी जुनीच आहे. निळवंडे धरणाला मंजुरी १९७० साली. कालव्यात पाणी सुटून लोकार्पण झाले ते २०२३च्या ऑक्टोबरात. त्रेपन्न वर्षे वाचकाला पान उलटत ठेवणारी दुसरी उत्कंठावर्धक कादंबरी मराठीत झालेली नाही.) गरिबीच्या, जागेच्या, आजाराच्या भीतीची इतकी बारीक नोंद आमच्या कित्येक सामाजिक म्हणविणाऱ्या कादंबऱ्यांतही सापडत नाही. त्या कादंबऱ्यांतली माणसे सिद्धान्त बोलतात. भयकादंबरीतली माणसे भाडे भरतात.

आणि घराचा हा व्यवहार केवळ मराठीतला नाही. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ १८९७ सालची. वाचकांना सुळे आणि वटवाघळे आठवतात. कादंबरी सुरू होते ती मात्र खरेदीखताने. एक तरुण इंग्रज वकील ट्रान्सिल्व्हानियाला जातो तो काउंटला लंडनजवळ मिळकत घेऊन देण्यासाठी. पुढे एका प्रसंगी त्याच्यावर सुरा चालतो तेव्हा अंगरख्यातून रक्त सांडत नाही. नोटा आणि सोन्याची नाणी सांडतात. त्याच्या तीस वर्षे आधी ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात कामाच्या तासांची चर्चा करताना मार्क्सने रक्तपिपासू पिशाचाचीच उपमा योजली होती, आणि इटालियन समीक्षक फ्रँको मोरेत्ती ह्यांनी ड्रॅक्युलाची भांडवलाशी सांगड घालून दाखविली आहे. ‘जाहीरनाम्या’ची सुरुवात भुताच्या उपमेने होते, हे तर पक्षाच्या प्रत्येक अभ्यासवर्गात सांगितले जाते. ज्या विचारपरंपरेच्या आद्य ग्रंथात भूत आहे, तिच्या अनुयायांनी भुतांच्या पुस्तकांवर बंदी मागावी, हा विनोद आहे.

स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’ ह्या १९७५च्या कादंबरीत ही गोष्ट अधिक स्पष्ट झाली आहे. पिशाच त्या लहानशा अमेरिकन गावात शिरते कसे? गावच्या जमीन-दलालामार्फत. पिशाचाचा हस्तक दलालाकडे येतो, टेकडीवरचे बदनाम घर आणि गावातली एक जागा एका डॉलरला मागतो, आणि मोबदल्यात दलालाला दुसऱ्या शहरातली, मोठे व्यापारी संकुल व्हावयाचे आहे ती जमीन देऊ करतो. दलाल कागदपत्रे बारकाईने तपासतो. माणसे का आली, कोण आहेत, हे मात्र विचारीत नाही. सही करतो. त्यानंतर गाव एकेक करून मरते. धारपांची ‘लुचाई’ ह्याच कादंबरीवर बेतलेली आहे, आणि ती आमच्या वाचनालयात सर्वांत जास्त वेळा बाहेर गेलेल्या पुस्तकांपैकी एक आहे. ज्या तालुक्यात भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती, कळसूबाईच्या पायथ्याशी पर्यटनाच्या नावाने जमिनींचे भाव कोठल्या कोठे गेले, जेथे आदिवासींची जमीन बिगर आदिवासीकडे जाऊ नये म्हणून १९७४चे कायदे पुस्तकात आहेत आणि कब्जा कोणाचा हे बांधावर जाऊनच कळते, त्या तालुक्यातल्या वाचकाला हे पुस्तक का आवडते, हे कोडे अवघड नाही. टेकडीवरचे दिवे रात्री लागलेले तोही पाहतो.

आता दोष. माझ्या मते ह्या कादंबऱ्यांचा खरा दोष त्या भूत दाखवितात हा नव्हे. त्या भूत दाखवितात आणि मग त्याच्या मारेकऱ्याला सोडून देतात, हा आहे.

पहिली सत्तर पाने जे घर भाड्याचे, वारशाचे, अन्यायाचे होते, ते शेवटच्या पन्नास पानांत केवळ ‘दुष्ट शक्ती’चे होऊन बसते. ही शक्ती कोठून आली? अनादि काळापासून. तिला काय हवे? विनाश. म्हणजे आधी जी विशिष्ट माणसाची विशिष्ट कैफियत होती, तिचे विश्वातील अमूर्त पापात रूपांतर होते, आणि अमूर्त पापाचा कूळकायदा लावता येत नाही. मग तोडगाही तसाच यावा लागतो. धारपांच्या कथांत ‘समर्थ’ नावाचा सिद्ध पुरुष येतो, शांतपणे बसतो, आत्मिक बळाने अरिष्टाचा नाश करतो. गावकरी एकत्र येऊन ते घर पाडीत नाहीत. त्यांना तसे सुचतही नाही. संकटात सापडलेली सामान्य माणसे स्वतः काही करू शकत नाहीत, कोणातरी थोर पुरुषाची वाट पाहणे एवढेच त्यांच्या हाती आहे, ही शिकवण मला भुतापेक्षा किती तरी अधिक घातक वाटते. अंधश्रद्धा म्हणावयाची तर ही. आणि ती ह्या कपाटापुरती नाही. निवडणुकीच्या सभांना जे जातात त्यांनी ती पाहिली आहे.

दुसरा दोष मला एका विद्यार्थिनीने दाखविला. महादेव कोळी समाजातली ही मुलगी माझ्याकडून असली पुस्तके नेई. एकदा पुस्तक परत करताना म्हणाली, ‘‘सर, जंगल आलं की भगत येतो, आणि भगत आला की वाईटच असतो. आमच्या आजोबांना लोक भगत म्हणायचे. ते जनावरांची हाडं बसवायचे.’’ मला उत्तर देता आले नाही. शहरातील पांढरपेशा लेखकाला भीती हवी असते तेव्हा तो आदिवासीचे जंगल उसने घेतो, त्याचे देव, त्याचे नाच, त्याची रात्र उसनी घेतो, आणि वापरून झाल्यावर अमंगळ म्हणून टाकून देतो. भगतगिरीने लोकांना लुबाडणारे आहेत. त्यांच्याशी आपले भांडण आहेच. परंतु ह्या डोंगरातल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ज्याची भीती वाटत आली तो भगत नव्हता. तो सावकार होता. अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे सावकारांवर आणि इंग्रजांवर उठले. त्यांच्या बंडकऱ्यांनी सावकारांची नाके कापली. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. ‘जाहीरनामा’ छापून जेमतेम दहा आठवडे झाले होते, आणि ह्या डोंगरात तो कोणी वाचलेला नव्हता. पुढे १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले तेव्हा त्यांचा रोख माणसांच्या जिवावर नव्हता. त्यांना कर्जाचे रोखे हवे होते. ते त्यांनी चव्हाट्यावर जाळले. बापाने अंगठा उठविलेला कागद, जो मुलाला आणि नातवाला सोडीत नाही, रात्री वाढत राहतो आणि ज्याला मारायचे तर जाळावेच लागते: ह्याहून भयंकर पिशाच कोणत्या कादंबरीकाराने निर्माण केले आहे? आमच्या भयकादंबरीत वाडे आहेत, तळघरे आहेत, पेटारे आहेत. त्या पेटाऱ्यांत रोखे का नाहीत?

बायकांविषयी हीच तक्रार आहे. हडळ येते, जखीण येते, चेटकीण येते. ती कशाने मेली हे एका वाक्यात उरकले जाते, आणि मग तीनशे पाने तिचा बंदोबस्त चालतो. माझ्या मावशीला कादंबरीत मी पुष्कळदा भेटलो. तो ओढा मला एकाही कादंबरीत भेटला नाही.

ह्यावर, ‘हे मनोरंजन आहे, त्याच्याकडून एवढी अपेक्षा कशाला,’ असे म्हणणारे आहेत, आणि मला ते ठरावकर्त्या साथीपेक्षाही अधिक परके वाटतात. तो निदान ह्या पुस्तकांना काहीतरी शक्ती आहे, असे मानतो. अपेक्षा करण्याजोगे घडलेले आहे म्हणून अपेक्षा करावयाची. रत्नाकर मतकरींनी गूढकथा लिहिल्या आणि त्याच हाताने खेड्यातील अत्याचारांवरचे ‘लोककथा ७८’ हे नाटकही लिहिले. नर्मदा आंदोलनाच्या बाजूने ते उभे राहिले, आणि उतारवयात ठाण्याच्या वस्त्यांतील मुलांना घेऊन त्यांनी वंचितांचा रंगमंच उभारला. गूढ लिहिणारा माणूस समाजाकडे पाठ फिरवून बसलेला असतो, हे खोटे असल्याचा दुसरा पुरावा नको. २०१८ साली राही अनिल बर्वे ह्यांचा ‘तुंबाड’ चित्रपट आला. त्याच्यामागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलेले आहे. तेथे भूत म्हणजे लोभ. बाप मुलाला धंदा शिकवितो तशी नाणी काढण्याची कला शिकवितो. बाहेर १९४७ येते आणि जाते, वाड्याची मालकी बदलते, पण मुलाच्या हिशेबात फरक पडत नाही. मला हा चित्रपट आवडला. एकच खटकले. कोकणात खोती होती, १९३७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी तिच्याविरुद्ध विधेयक आणले, ती कायद्याने जावयास १९४९ उजाडावे लागले, आणि ह्या सगळ्यातून जी कुळे गेली त्यांच्यापैकी एकही चित्रपटात बोलत नाही. सोने जमिनीच्या गर्भातून आयते येते. कोणाच्याही घामातून आलेले नसते. गुप्तधनाची कल्पना नेमकी हीच आहे: श्रमावाचून संपत्ती. मानवतच्या लोकांना जी भूल पडली तीच. तेथे भयकलेने एक पाऊल आणखी टाकावयास हवे होते.

तर हे सर्व त्या कपाटासमोर उभे राहून वाचकांशी बोलण्याचे विषय आहेत. बोलण्यासाठी पुस्तके कपाटात असावी लागतात. अंगणवाडी सेविकेला मी विचारले की, तुम्हाला ह्यांत काय आवडते. त्या म्हणाल्या, ‘‘सर, दिवसभर मी लोकांना सांगते, घाबरू नका. रात्री कुणीतरी मला घाबरवलं की बरं वाटतं.’’ ह्या उत्तरावर मी अजून विचार करीत आहे; अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कोणत्या कलमाखाली ते बसवावे ते मला सुचलेले नाही. कारखान्यावरच्या कामगाराशी मात्र बोलणे लांबले. त्याला मी जमीन-दलालाच्या प्रकरणाबद्दल विचारले. तो लगेच म्हणाला, ‘‘त्यानं सही केली तिथंच गाव मेलं होतं, सर.’’ एम.ए.च्या वर्गात इतके नेमके उत्तर मला क्वचितच मिळाले.

बैठकीत मी दोन उपसूचना देणार आहे. ठराव फेटाळला जावो वा न जावो, महिन्यातून एका रविवारी ह्याच कपाटातील एका पुस्तकावर वाचकांची चर्चा ठेवावी आणि पहिल्या चर्चेचे प्रास्ताविक ठरावकर्त्या साथीनेच करावे. त्यासाठी त्याला ते पुस्तक वाचावे लागेल, हा माझा कावा आहे आणि तो मी येथे उघड करून टाकतो. दुसरी उपसूचना खर्चाची आहे. आमच्या ‘लुचाई’ची शेवटची अकरा पाने कोणीतरी फाडून नेली आहेत. शेवट काय होतो म्हणून तो कामगार मला दोनदा विचारून गेला. मी सांगितलेला नाही. नवी प्रत विकत घ्यावी.